उतारावरचं मीठ

इकडं आखातात, वादी अदाईतल्या आमच्या घरापुढच्या चिखलावर मी चार पोती खडेमीठ टाकलं.

कुणी टाकायला लावलं नव्हतं. मी पीत नाही, अंगात तापही नव्हता. भर दुपारी, डोक्यावर हेल्मेट आणि अंगात पिवळं जाकीट घालून, पेरणी करावी तसं मुठीमुठीनं टाकलं. हेल्मेट आणि जाकीट नोकरीतलं. मी पोटासाठी सेफ्टी ऑफिसर आहे. रोज सकाळी साइटवर कामगारांना रांगेत उभं करून माणसाचा पाय का घसरतो आणि तो घसरू नये म्हणून काय करावं, हे मी त्यांना हिंदीत समजावतो. बायकोला माझ्या नोकरीची एवढीच गंमत वाटते. आमच्या लग्नात अंतरपाट दूर व्हायच्या आत मी पाटावरून घसरलो होतो, आणि तिनं ते पलीकडून ऐकलं होतं.

पण मीठ कशाला, हे सांगायचं तर आधी उतार सांगायला हवा.

आमचं घर डोंगराच्या अंगावर सगळ्यात वर आहे. मागे फक्त दगड आणि शेळ्या. खाली रस्त्याला लाँड्री आहे, चहा-पराठ्याचं दुकान आहे, तिथपर्यंत गाडी येते. तिथून आमच्या दारापर्यंत काँक्रीटचा एक अरुंद उतार आहे, मध्यावर वळलेला, कठडा नसलेला. एरवी त्याचं कुणाला काही वाटत नाही. भाजीच्या पिशव्या घेऊन धापा टाकत चढायचं आणि वर पोचलं की वजन कमी करायचं ठरवायचं. पण थंडीत कधीतरी पाऊस पडतो. तास-दीड तास पडतो आणि जातो, जाताना मागच्या डोंगराची सगळी बारीक माती आमच्या उतारावर आणून ठेवतो. ही माती आपल्या कोकणातल्यासारखी तांबडी, पायाला धरून ठेवणारी नाही. पिठासारखी मऊ. वाळली की वाऱ्यावर उडून शेजाऱ्याच्या गाडीवर जाऊन बसते. ओली असताना मात्र तिच्यावर पाय ठेवणं म्हणजे साबणाच्या वडीवर उभं राहणं.

तो पाऊस मंगळवारी झाला. आणि शुक्रवारी चाचा जाणार होते.

चाचा आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. रत्नागिरीकडचे. खाली रुवीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं, ते आता पुतण्या बघतो. चाची गावी. चाचांचं सगळं आयुष्य इथं आणि सगळ्या सुट्ट्या तिथं, असा हिशेब. उन्हाळ्यात ते बाथरूममध्ये पडले, खुबा बदलावा लागला. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, पण पुन्हा पडलात तर चालायचं विसरा. व्हिसा संपत आला होता, दुकान सोपवून झालं होतं, आता कायमचे घरी निघाले होते. त्यांनी मनात एकच गोष्ट धरली होती आणि ती आख्ख्या घराला तोंडपाठ होती. चाचींना त्यांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, "मी विमानातून उतरून माज्या पायानं चालत भायेर येनार. मना खुर्चीत घालून आनलेला कोनी बघायचा नाय."

पुतण्याचं म्हणणं वेगळं होतं. ह्या चिखलातून चालत जायचं कसं? चार पोरं बोलावतो, खुर्चीसकट उचलून खाली नेतो, गाडीत बसवतो.

"माजी मय्यत निघंल तवा उचल," चाचा म्हणाले. "तवर हात लावू नको."

मी तिथंच, जिन्यात उभा होतो. माझा स्वभाव असा की दुसऱ्याची अडचण दिसली की माझे हात शिवशिवायला लागतात. मी मध्ये पडलो. "चाचा, उतार मी साफ करून देतो. शुक्रवारी तुम्ही शीळ घालत खाली जाल. जबाबदारी माझी."

चाचा मला सेफ्टी म्हणतात. माझं खरं नाव त्यांना ठाऊक असावं, पण त्याची त्यांना कधी गरज पडली नाही. "सेफ्टी," ते म्हणाले, "तू काय पन करू नको. दोन दिवस ऊन पडंल, वारा सुटंल, माती आपली आपन जाईल. मी इकडं लय पाऊस बघितलेत. तू फक्त घरात बस."

एवढंच काम मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

बुधवारी सुट्टी घेतली, गुरुवारचीही. ऊन पडलं, पण थंडीतलं, फिकं, नावापुरतं. मी सकाळपासून गॅलरीत जाऊन उतार बघत होतो. चहा घेतला, बघितला. दाढी केली, अर्ध्यात पुन्हा बघून आलो. खाली जाऊन बोटानं चिखल दाबला. ओला. वर आलो, मोबाइलवर हवामान बघितलं. शुक्रवारी ढग, कदाचित पाऊस. परत खाली गेलो. बायको मटार सोलत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "अहो, दर पंधरा मिनिटांनी बघितल्यानं तो लवकर वाळतो का?"

"पण शुक्रवारी पुन्हा पाऊस दाखवतायत."

"मग शुक्रवारचं शुक्रवारी बघू."

"तोपर्यंत हा वाळला नाही तर? चाचा पडले तर?"

ह्यावर तिनं मटाराचं ताट बाजूला ठेवलं. चाचा पडले होते तेव्हा आवाज ऐकून पहिली तीच खाली धावली होती.

आता मुलीचं सांगतो. आमची मुलगी कॅनडात शिकायला आहे. इथल्या इंडियन स्कूलमध्ये वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी दोन पावलं टाकून थांबतं आणि इंग्लिशचा हात धरून पुढं जातं. गेल्या महिन्यात तिनं व्हिडिओ पाठवला होता. घरापुढच्या फुटपाथवर गुडघाभर बर्फ, आणि ही लाल टोपी घालून फावड्यानं तो बाजूला ढकलतेय. मग बादलीतून मुठी भरभरून काहीतरी पांढरं टाकतेय. "बाबा, हे सॉल्ट आहे. इथे आपल्या घरासमोरचं आपणच क्लीन करायचं असतं. कुणी स्लिप झालं तर आपला फॉल्ट." आमच्या घरात जिनं कधी केरसुणी हातात धरली नाही, ती परमुलखात लोकांचे पाय घसरू नयेत म्हणून फुटपाथ झाडत होती. मी तो व्हिडिओ साइटवर सगळ्यांना दाखवला. घरमालकाला दाखवला. चाचांना तर दोनदा दाखवला. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "पोर बरी हाय. बापावर नाय गेली."

बुधवारी दुपारी जेवताना मला तो व्हिडिओ आठवला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असा उजेड पडला की बायको हातातलं काम टाकून माझ्याकडं बघते. तिला त्याचा अनुभव आहे.

"मीठ!" मी म्हणालो.

"आमटीत कमी आहे?"

"आमटीत नाही. उतारावर."

मी तिला समजावून सांगितलं. कॅनडात टाकतात, म्हणजे शास्त्र आहे. आणि ते राहू दे, आपल्याकडचंच बघ. आमच्या गावात बांगडा कसा सुकवतात? खडेमिठात घालतात. मीठ त्याच्यातलं सगळं पाणी ओढून घेतं, बांगडा होतो कडक. तसंच चिखलाचं. मीठ पाणी ओढणार, माती कोरडी होणार, वारा येणार, माती जाणार.

"आणि ओढलेलं पाणी कुठं जाणार?" बायकोनं विचारलं.

"म्हणजे?"

"बांगड्यातलं पाणी बरणीच्या तळाला जमतं. इथं बरणी कुठंय?"

कॅनडाचं शास्त्र आणि कोकणचा बांगडा, दोन्ही माझ्या बाजूनं असताना तिच्या बरणीकडं लक्ष द्यायला मला वेळ नव्हता. मी हेल्मेट-जाकीट चढवलं, गाडी काढली आणि मत्राहच्या बाजारात गेलो. ज्या दुकानातून मासेवाले मीठ नेतात तिथं चार पोती मागितली. दुकानदार मलबारी, त्यानं सहज विचारलं, "कौन सा मछली सुखाएगा?" मी म्हणालो, मछली नहीं, कीचड. तो थोडा वेळ माझ्या हेल्मेटकडं बघत राहिला. मग पोती स्वतः उचलून गाडीत ठेवून आला. मला वाटलं, केवढा चांगला माणूस. आता वाटतं, त्याला मी लवकर जायला हवा होतो.

मीठ टाकलं. वळणावर जास्त टाकलं, कारण तिथंच धोका. वर आणि खाली प्लॅस्टिकचे लाल कोन उभे केले, लाल-पांढरी पट्टी ताणून बांधली. साइटवरून आणलेला एक फलकही होता, पिवळा, त्याच्यावर घसरून हात-पाय वर झालेला माणूस काढलेला. तो मधोमध ठेवला. चाचा दारात खुर्ची टाकून बसले होते, नवीन खुब्याची सवय म्हणून वॉकरला धरून मध्येमध्ये उठून उभे राहत होते. त्यांनी हे सगळं शेवटपर्यंत बघितलं.

"ह्या काय टाकलंस?"

"मीठ. उद्या सकाळी बघा चाचा, फरशीसारखं होईल."

"मिठानं?"

"कॅनडात असंच करतात."

चाचांनी आकाशाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कॅनडात बकऱ्या नसतील," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मला ते वाक्य विनाकारण वाटलं.

गुरुवारी सकाळी उठलो तो घंटांच्या आवाजानं. गॅलरीत गेलो. आमच्या घरामागं अर्बाबची, म्हणजे आमच्या घरमालकाची, एक म्हातारी मावशी, त्याची खाला, राहते, तिच्या शेळ्या दिवसभर डोंगरावर हिंडतात आणि पुठ्ठे खाऊन जगतात. त्या सगळ्या आमच्या उतारावर होत्या. काळ्या, तांबड्या, एक पांढरा दाढीवाला बोकड, दोन पिल्लं. माना खाली घालून, खांद्याला खांदा लावून, पंगतीला बसावं तशा त्या उतार चाटत होत्या. वळणावर सगळ्यात जास्त गर्दी, कारण मीठ तिथंच जास्त. चाटताना आमच्या गावच्या खाचरात बैलांनी चिखलणी करावी तसा त्यांनी खुरांनी चिखल कालवला होता. पट्टी एका शेळीच्या तोंडात होती. ती मला बघत बघत, अजिबात घाई न करता, ती आत ओढत होती. बोकड त्या पिवळ्या फलकाला अंग घासत उभा होता.

मी ओरडत खाली धावलो. पहिल्या पावलाला ठीक होतो. दुसऱ्या पावलाला त्या फलकावरचा माणूस झालो.

चिखल कालच्यापेक्षा ओला होता. रात्रीची हवा दमट, समुद्र जवळ, आणि मिठानं त्या हवेतलं असेल नसेल तेवढं पाणी ओढून घेऊन चिखलाला पाजलं होतं. बाजूच्या गल्लीतला चिखल, ज्याला कुणी हात लावला नव्हता, वर खरपुडी धरून पांढरा पडायला लागला होता. आमचा तेवढा तेल लावल्यासारखा चकाकत होता.

अर्बाब नेमका तेव्हाच आला. तो डोंगरापलीकडं आमेरातला राहतो, चाचांना निरोप द्यायला आणि घराची किल्ली कधी घ्यायची ते विचारायला आला होता. हिंदी त्याला आमच्यापेक्षा बरी येते. खाली गाडीजवळ उभा राहून त्यानं आधी शेळ्या बघितल्या, मग शेळ्यांमध्ये बसलेला मी.

"मो हादा?" त्यानं विचारलं. म्हणजे, हे काय चाललंय? "मेरे खाला का बकरी इधर क्या करता है?"

"नमक खाता है."

"नमक किसने दिया?"

मी हात वर केला. साइटवर कामगार करतात तसा.

"खाने को दिया?"

"नहीं, रोड को दिया."

"लेश? क्यों?"

मी कॅनडा सांगितला. बांगड्यापर्यंत पोचलोच नाही, कारण त्यानं मध्येच हात वर करून थांबवलं. त्याला हसू येत होतं, पण त्याच्या डोक्यात दुसरंच काही होतं. इतकं मीठ खाऊन जनावरांना तहान लागणार, पोटं बिघडणार, आणि म्हातारी खाला त्याचं डोकं खाणार. "पहले इनको पानी पिलाओ, सेफ्टी साब. यल्ला, जल्दी!"

म्हणजे गुरुवारची सकाळ, जी मी उतार सुकवण्यासाठी राखून ठेवली होती, ती शेळ्यांना पाणी पाजण्यात गेली. मी बादल्या भरभरून वरून आणल्या, आणि दर बादलीतलं थोडं पाणी उतारावर सांडलं. शेळ्या प्यायच्या, वर बघायच्या, पुन्हा चाटायला लागायच्या. बायको गॅलरीत उभी राहून बघत होती. काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारी मुलीला फोन केला. तिथं पहाट होती. तिनं झोपेत ऐकून घेतलं आणि खडबडून जागी झाली.

"बाबा, ते आइससाठी असतं! सॉल्टनी आइसचं पाणी होतं, म्हणून टाकतात."

"मग?"

"मग तुमच्याकडे तर ऑलरेडी पाणीच होतं ना?"

मी गॅलरीतून खाली उताराकडं बघितलं.

"बाबा? आर यू ओके? पडलात का? चाचा पडले का?"

"चाचा नाही पडले," मी म्हणालो. पुढचा 'अजून' मी इतक्या हळू म्हणालो की तिला ऐकू गेला नसावा.

संध्याकाळी जे झालं ते मी बायकोला नंतर सांगितलं, मुलीला अजून सांगितलेलं नाही. मी लाँड्रीतून कपडे घेऊन परत येत होतो. वळणाच्या खाली पोचलो तेव्हा वर चाचा दिसले. एकटेच. वॉकर दाराशी ठेवला होता आणि हातात काठी होती. उद्या जे कपडे घालायचे तेच घालून बघितले असावेत, कोट होता अंगात. ते उंबऱ्याबाहेर आले, चिखलाच्या कडेला थांबले आणि काठी पुढं टेकली. काठीचं टोक सरकलं. त्यांनी ती मागं घेतली, थोड्या बाजूला टेकली. तिथंही सरकली. अजून एकदा टेकून बघितली. मग ते तसेच उभे राहिले. राग नाही, काही नाही. उताराकडं बघत राहिले. एका हातानं खुब्यावरचा कोट धरला होता.

मी वळणावरच्या भिंतीआड थांबलो. पुढं जायची छाती झाली नाही. चाचा वळले आणि भिंत धरत आत गेले. मी दाराशी पोचलो तेव्हा आतून फोनवर पुतण्याशी बोलणं ऐकू आलं. "उद्या... बग. पोरं आन मग. खुर्ची बी आन."

मी वर आलो, कपडे कॉटवर टाकले. जेवलो नाही. उठलो, बसलो, गॅलरीत गेलो, परत आलो. बायकोनं ताट झाकून ठेवलं. म्हणाली, "उद्या सकाळी खरडून काढू. मी पण येते."

"खरडलं तरी खाली काँक्रीट ओलंच राहणार."

"मग वर काहीतरी खरखरीत टाकू."

"काय?"

"मीठ सोडून काहीही."

मी अर्बाबला फोन केला. तो आमेरातला नवीन घर बांधतोय हे मला माहीत होतं, आणि बांधकाम म्हटलं की कच असणार. कच म्हणजे खडी फोडताना उरते ती बारीक टोकदार दगडी भुकटी, मी ती रोज साइटवर बघतो, रोज तिच्यावरून चालतो. माझ्या डोक्यात ती का आली नाही, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारलेला नाही. अर्बाबनं ऐकून घेतलं. "सुबह लाता हूँ. लेकिन बारिश आया, वादी में पानी आया, तो रोड बंद. फिर मैं नहीं आएगा. इन्शाल्ला बोलो."

मी इन्शाल्ला म्हणालो. इतक्या मनापासून मी तो शब्द ह्या देशात कधी म्हटला नव्हता.

शुक्रवारी उजाडलं ते ढगाखालीच. आमेरातच्या बाजूला डोंगरावर काळं झालं होतं. मी फावडं घेतलं, बायकोनं घमेलं आणि खराटा. शेळ्या आमच्या आधी आल्या होत्या. वळणापासून सुरुवात केली. खारट चिखल फावड्याला चिकटत नव्हता, घरंगळत होता. एक घमेलं भरलं की दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा वर चढायचं. बायको खराट्यानं माझ्यामागचं झाडायची आणि मध्येच वळून शेळ्यांना हाकलायची. त्या तिचं ऐकायच्या. माझं एकदाही ऐकलं नाही.

मी दर थोड्या वेळानं थांबून रस्त्याकडं बघायचो. पिकअप दिसेना.

"काम करा," बायको म्हणायची.

"पाऊस आला तर तो येणार नाही."

"तुम्ही बघितल्यानं येणार आहे का?"

मी काम करायचो. मग पुन्हा बघायचो. वारा सुटला. हाच तो वारा, ज्यानं मीठ नसतं तर सगळा उतार झाडून नेला असता.

पिकअप आला तेव्हा आम्ही निम्म्यावर होतो. अर्बाबनं खाली उतरून आधी आकाश बघितलं, मग पांढरा झगा वर खोचला आणि मागचं फळकूट उघडलं. मागं कच होता. तो पोत्यात भरून खांद्यावर वर आणायचा होता, आणि तो आणताना मला कळलं की सेफ्टी ऑफिसर असणं आणि कामगार असणं ह्यात पाठीच्या मणक्यांपुरता फरक आहे. अर्बाब कच फावड्यानं पसरत गेला, खालून वर. मी वरून खाली खरडत आलो, बायको माझ्यामागून झाडत. वळणावर आम्ही भेटलो. त्यानं वाकून तिथं हातानं कच दाबला, बोटं चाटून बघितली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "अभी भी नमकीन है."

जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली. अर्बाब गेला. पुतण्याही आधीच मशिदीत गेला होता, तिथून तो पोरं आणि खुर्ची घेऊन येणार होता. आम्ही दोघं उतारावर बसून राहिलो, कुणी शेळी येऊ नये म्हणून. बायकोनं तिच्या ओढणीनं माझ्या कपाळावरचा चिखल पुसला आणि तोच स्वतःच्या कपाळाला लागला, हे तिला सांगावं की नाही ह्या विचारात मी होतो तेव्हा पुतण्या आला. पोरं होती. खुर्चीही होती.

चाचा दारात उभे होते. कोट घातलेले, डोक्यावर टोपी, हातात काठी. वॉकर गाडीत पाठवला होता.

त्यांनी खुर्चीकडं बघितलं. मग उताराकडं. करड्या कचाचा पट्टा आमच्या दारापासून खाली रस्त्यापर्यंत गेला होता, मध्ये वाकडा, कुठं जाड, कुठं पातळ. चाचांनी काठी पुढं टेकली. कर्रर्र असा आवाज झाला. काठी हलली नाही. पुन्हा टेकली. मग डावा पाय टाकला.

"खुर्ची खाली ने," ते पुतण्याला म्हणाले. "लाँड्रीवाल्याला बसायला होईल."

मी त्यांच्या कोपराजवळ हात धरून चालायला लागलो, न लावता, नुसता धरून. चाचा थांबले. "हात काड. तुज्यामुळं मना पडायचं नाय." मी हात काढला. ते एकेक पाऊल टाकत होते. कर्रर्र, कर्रर्र. प्रत्येक पावलाला मी श्वास रोखत होतो आणि सोडायला विसरत होतो. वळणावर ते थांबले. तिथं उतार जास्त, आणि एक शेळी कचाच्या कडेला उभी राहून चाटत होती. चाचांनी तिला काठीनं हळूच बाजूला सारलं, तोंडानं च्यक्-च्यक् केलं, आणि तिनं त्यांना वाट दिली. पाठीमागं बायको भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर हात ठेवून.

मग ते खाली पोचले. रस्त्यावर. लाँड्रीवाला बाहेर आला होता, चहावालाही. चाचा वळले आणि वर बघितलं, घराकडं, उताराकडं, शेळ्यांकडं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला, चाचींना लावला आणि म्हणाले, "उतरलो. व्हय, माज्या पायानं." एवढंच.

पावसाचा पहिला थेंब गाडीच्या टपावर पडला तेव्हा ते आत बसत होते. मी दुसऱ्या बाजूनं मागचं दार उघडलं. विमानतळापर्यंत सोडायला जायचं हे माझं ठरलेलंच होतं, अंगभर चिखल असला तरी. चाचांनी सीटवरून काठी आडवी धरली.

"तू खय चाललास?"

"तुम्हाला सोडायला, चाचा."

"तू नको येव," ते म्हणाले. "इमानतळाची फरशी चांगली हाय. तू तिच्यावर कायतरी टाकशील."